‘लोक’ म्हणजे कोण? लोकवादाचा अभ्यास आणि उसाच्या पट्ट्यातील अनुभव

लोकवाद म्हणजे समाजाची ‘लोक’ आणि ‘वरचे’ अशी विभागणी करणारे, सत्ता खरी लोकांची आणि ती वरच्यांनी बळकावलेली असे सांगणारे राजकारण. ‘पॉप्युलिझम’ या संज्ञेसाठी मराठीत लोकानुनय, लोकानुरंजन, लोकवाद असे तीन-चार शब्द वापरले जातात. ते वरवर एकाच अर्थाचे वाटतात. पण कोणता निवडला यावर पुढची सगळी चर्चा ठरते. अनुनय म्हणजे मनधरणी, अनुरंजन म्हणजे खूश करणे. हे शब्द वापरले की लक्ष सत्ताधाऱ्याने वाटलेल्या गोष्टींकडे जाते : कर्जमाफी, मोफत वीज, खात्यावर जमा होणारी रक्कम. राज्यशास्त्रातील गेल्या पन्नास-साठ वर्षांचा अभ्यास मुख्यतः दुसऱ्याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. ‘लोक’ कोणाला म्हणायचे, ते कोण ठरवते आणि ठरवणाऱ्याला जाब विचारता येतो का, हा तो प्रश्न. म्हणून या आढाव्यात ‘लोकवाद’ हाच शब्द वापरला आहे.

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील भरीव दाखला दक्षिण महाराष्ट्राच्या उसाच्या पट्ट्यात मिळतो. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे शहर कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीवर वसले आहे. याच तालुक्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडे मच्छिंद्र, नागनाथअण्णा नायकवडी यांचे वाळवा, राजारामबापू पाटील यांच्या नावाचा साखर कारखाना असलेले साखराळे आणि समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवलेले कासेगाव आहे. प्रतिसरकार, सहकार, शेतकरी आंदोलन आणि त्यांचा अभ्यास करणारे विद्वान एवढ्या लहानशा भागात एकत्र आलेले क्वचित दिसतात.

संज्ञेचा प्रवास

लोकवाद हा शब्द शेतीच्या प्रश्नातून जन्मला. अमेरिकेत १८९२ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स पार्टीचे लोक स्वतःला ‘पॉप्युलिस्ट’ म्हणवून घेत. कापूस आणि गव्हाचे पडते भाव, रेल्वे कंपन्यांची मनमानी आणि सावकारी कर्ज ही त्यांची दुखणी होती. त्याच्या दोन दशके आधी रशियात ‘नारोदनिक’ नावाने ओळखले जाणारे शिकलेले तरुण खेड्यांकडे वळले होते. शेतकऱ्याच्या गावसमाजातच भविष्यातल्या समाजवादाचे बीज आहे, असा त्यांचा विश्वास होता. पहिली चळवळ शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेली, दुसरी शेतकऱ्यांच्या नावाने शहरी सुशिक्षितांनी केलेली. हा फरक पुढच्या अभ्यासात वारंवार डोके वर काढतो.

अमेरिकन चळवळीच्या मूल्यमापनावरून पहिला मोठा वाद झाला. इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅटर यांनी १९५५ मध्ये तिच्यात गतकाळाची ओढ, कटकारस्थानांवरचा विश्वास आणि पूर्वग्रह पाहिले. लॉरेन्स गुडविन यांनी १९७६ मध्ये नेमके उलट चित्र उभे केले : खरेदी-विक्रीच्या सहकारी प्रयोगांतून शेतकरी लोकशाही शिकले आणि त्या शिकण्यातून पक्ष उभा राहिला. सहकारातून राजकारण घडलेल्या महाराष्ट्राच्या वाचकाला हा दुसरा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

१९६७ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयावर परिषद झाली आणि तिच्यातून घिता इओनेस्कू व अर्नेस्ट गेल्नर यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६९ मध्ये निघाला. एकमताची व्याख्या त्यातून हाती आली नाही. मार्गारेट कॅनोव्हन यांनी १९८१ मध्ये शेतीतून आलेला लोकवाद आणि राजकीय लोकवाद असे दोन गट पाडून त्यांचे सात प्रकार मांडले. तेव्हापासून ‘एक व्याख्या की अनेक प्रकार’ हा पेच कायम आहे.

चार व्याख्या

आजच्या अभ्यासात चार भूमिका ठळक आहेत. पहिली विचारप्रणालीची. कास मुद यांनी २००४ मध्ये मांडलेली ही व्याख्या सर्वाधिक वापरली जाते. तिच्यानुसार लोकवाद ही पातळ गाभ्याची विचारप्रणाली आहे. ‘निर्मळ लोक’ आणि ‘भ्रष्ट अभिजन’ असे दोन एकजिनसी गट ती मानते आणि राजकारण हे लोकेच्छेची अभिव्यक्ती असावे, असे म्हणते. गाभा पातळ असल्याने ती कधी समाजवादाला, कधी राष्ट्रवादाला, कधी धर्माला चिकटते.

दुसरी भूमिका डावपेचाची. कर्ट वेलंड यांच्या मते लोकवादात एक नेता, मधल्या संस्था बाजूला सारून, बहुतेक असंघटित अनुयायांच्या थेट पाठिंब्यावर सत्ता मिळवतो किंवा राबवतो. तो काय बोलतो यापेक्षा पाठिंबा कसा गोळा करतो, याला इथे महत्त्व आहे.

तिसरी भूमिका शैलीची. बेंजामिन मॉफिट यांनी नेत्याची देहबोली, भाषा, संकटाचे नाट्य आणि शिष्टाचार मोडण्याची रीत यांवर भर दिला. पिएर ओस्तिगी यांनी राजकारणात ‘वरचे’ आणि ‘खालचे’ वळण असे भेद दाखवले. मराठीत ‘रांगडेपणा’ हा शब्द त्या दुसऱ्या वळणाच्या फार जवळ जातो.

चौथी भूमिका अर्जेंटिनात जन्मलेले विचारवंत अर्नेस्टो लाक्लाऊ यांची. २००५ च्या ग्रंथात त्यांनी म्हटले की ‘लोक’ आधीपासून तयार नसतात, राजकारण त्यांना घडवते. वेगवेगळ्या न भागलेल्या मागण्या एकमेकींशी जोडल्या जातात आणि त्यांतली एखादी घोषणा सर्वांची खूण बनते. ही खूण जितकी मोकळी, तितके जास्त लोक तिच्याखाली येतात. लाक्लाऊ यांच्या दृष्टीने ही राजकारणाची सर्वसामान्य घडण आहे. शांताल मूफ यांनी २०१८ मध्ये यावरूनच डाव्या लोकवादाचा पुरस्कार केला.

या चार भूमिकांच्या समोर यान-वेर्नर म्युलर यांची टीका उभी आहे. २०१६ च्या पुस्तकात त्यांनी म्हटले की अभिजनांवर टीका करणारा प्रत्येकजण लोकवादी नसतो. ‘आम्ही आणि फक्त आम्हीच लोकांचे प्रतिनिधी’ असा दावा करणारा लोकवादी असतो. विरोधक मग प्रतिस्पर्धी राहत नाही. तो लोकांबाहेरचा ठरतो.

वाळव्याची पार्श्वभूमी : लोकांची अनेक नावे

कृष्णाकाठच्या राजकारणात ‘लोक’ या कल्पनेला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे आणि तिची नावे बदलत गेली आहेत. सत्यशोधक चळवळीने जुन्या सातारा जिल्ह्यात जलशांमधून ‘बहुजन समाज’ विरुद्ध ‘शेटजी-भटजी’ अशी मांडणी गावोगाव पोहोचवली. सावकार आणि पुरोहित एका बाजूला, कष्टकरी जाती दुसऱ्या बाजूला. गेल ऑम्व्हेट यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात या चळवळीला वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड म्हटले. आजच्या व्याख्येनुसार तिच्यात लोकवादाची रचना दिसते. पण महात्मा फुले यांचा ‘बळीराजा’ हा केवळ संख्येने मोठा गट नव्हता, न्यायाची एक कल्पना होता. बहुजन, रयत, बळीराजा, कष्टकरी, जनता या प्रत्येक शब्दाची सीमारेषा वेगळी आहे. एका शब्दात आलेला माणूस दुसऱ्यात येईलच असे नाही.

१९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सत्तेला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने ही कल्पना प्रत्यक्ष कारभारात उतरवली. लोकन्यायालये बसली, तुफान सेना उभी राहिली, कमी खर्चाची लग्ने लावली गेली, सावकारांना आणि गावगुंडांना शिक्षा झाल्या. ए. बी. शिंदे आणि ऑम्व्हेट यांनी या पर्वाचा अभ्यास केला आहे. लोकांनी सत्ता स्वतः चालवण्याचा तो प्रयत्न होता, आणि न्याय झटपट देताना त्यावर अंकुश कोणाचा, हा लोकवादाचा जुना प्रश्नही त्याच अंगणात उभा होता.

स्वातंत्र्यानंतर या भागाची ताकद सहकारात आली. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि शिक्षणसंस्था यांच्या जाळ्यातून नेतृत्व घडले. बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या आणि डोनाल्ड ॲटवुड यांनी माळेगावच्या कारखान्यांचा अभ्यास करून दाखवले की मोठ्या बागायतदाराला गाळपासाठी छोट्या शेतकऱ्याचा ऊस लागतो. या परस्परगरजेतून सहकार टिकला. जयंत लेले यांनी १९८१ मध्ये याच व्यवस्थेची दुसरी बाजू मांडली : अनेक गटांतील स्पर्धा दिसली तरी सत्ता एकाच वर्गाच्या हातात राहते. कालांतराने गावच्या बोलण्यात ‘साखरसम्राट’ हा शब्द आला. ज्यांनी सावकाराविरुद्ध लोक उभे केले, त्यांचीच पुढची पिढी लोकांच्या नजरेत ‘वरची’ झाली होती.

शेतकरी संघटना : लोकवाद की वर्गलढा?

शरद जोशी यांनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन केली. चाकणचा कांदा, १९८० चे नाशिक जिल्ह्यातील ऊस-कांदा आंदोलन, ज्यात उसाला टनाला ३०० रुपयांची मागणी होती, आणि १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलन, ज्यात पोलिस गोळीबारात शेतकरी मारले गेले, या टप्प्यांनी ती राज्यभर पोहोचली. तिचा कार्यक्रम एककलमी होता : उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. लाक्लाऊ यांची कल्पना समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. कांदा, कापूस, ऊस आणि तंबाखू पिकवणाऱ्यांचे बाजार वेगळे, हंगाम वेगळे, ग्राहक वेगळे. ‘रास्त भाव’ या दोन शब्दांनी ते एका मांडवाखाली आले.

जोशी यांची ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही मांडणी लोकवादाच्या अभ्यासात हमखास येते. तिच्यात एक बारकावा आहे. ‘भारत’ म्हणजे नकाशावरचे खेडे नव्हे. पोटासाठी शहरात आलेला झोपडपट्टीतला माणूस भारतातलाच, आणि खेड्यात राहून लुटीत वाटा घेणारा पुढारी इंडियातला. मायकेल लिप्टन यांनी १९७७ मध्ये जगभरच्या विकासनीतीत शहरी पक्षपात असल्याचे मांडले होते. जोशी यांनी शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीवरून तोच मुद्दा गावच्या भाषेत सांगितला.

या चळवळीच्या स्वरूपावर १९८० आणि १९९० च्या दशकांत जोरदार वाद झाला. टॉम ब्रास यांनी संपादित केलेल्या १९९५ च्या ग्रंथात तो एकत्र वाचायला मिळतो. ब्रास यांच्या मते देशभरच्या नव्या शेतकरी चळवळी हा शेतीतला लोकवाद होता : ‘शेतकरी तितुका एक’ म्हणताना त्या जमीनदार बागायतदार, कोरडवाहू शेतकरी आणि मजूर यांतील भेद झाकतात. जयरस बनाजी यांनीही त्यांना ग्रामीण भागातील रूढिवादी आघाड्या म्हटले. ऑम्व्हेट यांची बाजू वेगळी होती. भाव पाडून शेतीतील कष्टाचे मूल्य शासन आणि उद्योग ओढून नेतात, हे शोषण खरे आहे आणि त्याविरुद्धचा लढा हा श्रमाच्या मोबदल्याचा लढा आहे, असे त्यांनी मांडले. १९८६ चे चांदवडचे महिला अधिवेशन आणि पत्नीच्या नावे जमीन करणारी लक्ष्मीमुक्ती मोहीम ही ‘लोक’ या कल्पनेत बाईला जागा मिळाल्याची खूण होती.

दत्तात्रेय धनागरे यांनी या वादाला दीर्घ अभ्यासाची जोड दिली. शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या या समाजशास्त्रज्ञाचा ‘पॉप्युलिझम अँड पॉवर’ हा ग्रंथ २०१६ मध्ये आला. त्यात १९८० ते २०१४ या काळातील पश्चिम भारतातील शेतकरी चळवळ लोकवाद या चौकटीत तपासली आहे. चळवळीची भाषा सर्व शेतकऱ्यांची, पण तिचा आधार मुख्यतः बाजारासाठी पिकवणाऱ्यांचा, ही त्यांच्या विश्लेषणातली मुख्य तफावत आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनी १९९५ मध्ये आणखी एक मर्यादा दाखवली. शेतकरी हा केवळ शेतकरी नसतो. त्याला जात असते, धर्म असतो, भाषा असते. या ओळखी एकमेकींना छेदतात आणि भावाच्या प्रश्नावर झालेली एकी निवडणुकीत विरघळते.

इथे मराठीतल्या ‘लोकानुनय’ या शब्दाची अडचण स्पष्ट होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा होती. जोशी ‘कर्जमाफी’ हा शब्द नाकारत आणि ‘कर्जमुक्ती’ म्हणत, कारण माफी गुन्ह्याला असते. रचनेने ही चळवळ लोकवादी होती. पण अनुनयाला तिचा उघड विरोध होता. लोकवाद आणि खैरात यांना एकच मानले, तर महाराष्ट्रातील सर्वांत प्रभावी लोकवादी चळवळ व्याख्येबाहेर राहते.

‘वरचे’ खरोखर असतात का?

लोकवादी भाषेतील अभिजन हे बहुधा कल्पित किंवा अतिशयोक्त असतात, असे अनेक अभ्यासक गृहीत धरतात. उसाच्या बाबतीत हे गृहीतक तपासले गेले आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देवराज रे यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारखान्यावर वर्चस्व असलेले मोठे बागायतदार उसाचा दर कमी ठेवतात आणि कारखान्यात राहिलेल्या पैशातून स्वतःचा लाभ साधतात, असा त्यांच्या प्रतिमानाचा आणि आकडेवारीचा निष्कर्ष आहे. संदीप सुखटणकर यांनी २०१२ मध्ये दाखवले की राजकारण्यांच्या ताब्यातील कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर देतात. सभासदाच्या घामाचा पैसा प्रचाराकडे वळतो, हा बांधावरचा संशय आकडेवारीने खरा ठरला. याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे : अध्यक्ष निवडून आल्यास नंतर शेतकऱ्यांना काही परतावा मिळतो. म्हणजे नाते निव्वळ लुटीचे नाही, देवाणघेवाणीचेही आहे.

वाळवा तालुक्यात या प्रश्नाला तुलनेची धार होती. वाळव्याचा हुतात्मा किसन अहीर कारखाना नागनाथअण्णांच्या काळात चांगल्या साखर उताऱ्यासाठी आणि दरासाठी नावाजला. शेजारचा कारखाना देऊ शकतो, तर आपला का नाही, असे कोणालाही विचारता येऊ लागले. पहिली उचल किती, उतारा किती दाखवला, काट्यावर वजन बरोबर होते का, हे प्रश्न आष्ट्याच्या पारावर कोणत्याही विचारप्रणालीशिवाय विचारले जातात. जाब विचारण्याची ही सवय लोकवादाचे बीज आहे आणि लोकशाहीचेही.

आंदोलनातून सत्तेकडे

शरद जोशी यांच्यापासून वेगळे होऊन राजू शेट्टी यांनी २००४ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली. जयसिंगपूरची ऊस परिषद हे तिचे व्यासपीठ बनले. गाळप हंगामाच्या तोंडावर तिथे दराची मागणी जाहीर होते आणि ती मान्य होईपर्यंत तोडी रोखल्या जातात. २०१२ च्या आंदोलनात सांगली जिल्ह्यात गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला. एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, एकरकमी मिळावा यासाठीचा लढा पुढे न्यायालयात गेला. एफआरपी हप्त्यांनी देण्याची मुभा देणारा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला. लोकवादी चळवळी संस्थांना वळसा घालतात, या सर्वसाधारण निष्कर्षाला हा अपवाद आहे. इथे चळवळ न्यायालयाच्या दारात गेली आणि कायद्याचा आधार मागून जिंकली.

आष्टा ज्या इस्लामपूर विधानसभा मतदारसंघात येते, तो हातकणंगले लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. २००९ मध्ये ‘एक नोट, एक व्होट’ असे आवाहन करून शेट्टी तिथून निवडून आले. पैसा असणाऱ्यांविरुद्ध वर्गणी काढून निवडणूक लढवणे ही लोकवादाची सर्वांत प्रामाणिक कृती म्हणता येईल : अनुयायी इथे केवळ टाळ्या वाजवणारा राहत नाही, तो भागीदार होतो. याच भागातून १९९० पासून सातत्याने विधानसभेवर जाणारे जयंत पाटील सहकाराच्या जाळ्यातून आलेले. एकच मतदार लोकसभेला आंदोलनाला आणि विधानसभेला कारखान्याला मत देत होता. पॉल केनी यांनी २०१७ मध्ये मांडले की आश्रयदात्यांच्या साखळ्या तुटतात तिथे लोकवादी नेता शिरकाव करतो. वाळव्यात साखळी तुटली नव्हती. मतदाराने दोन्ही दोर हातात ठेवले होते. या निरीक्षणाने केनी यांचा सिद्धांत खोडून निघत नाही, पण त्याला मुरड घालावी लागते.

पुढचा प्रवास लोकवादाच्या अभ्यासकांना परिचित आहे. २०१४ मध्ये शेट्टी भाजप-शिवसेनेच्या आघाडीतून पुन्हा जिंकले. त्यांचे सहकारी, वाळवा तालुक्यातलेच सदाभाऊ खोत पुढे राज्यमंत्री झाले. २०१७ मध्ये स्वाभिमानी संघटनेतून खोत यांची हकालपट्टी झाली आणि त्यांनी रयत क्रांती संघटना काढली. २०१९ मध्ये शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीतून लढले आणि हरले. २०२४ मध्ये स्वबळावर लढून ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. ज्यांना ‘वरचे’ म्हटले त्यांच्याशी हातमिळवणी केली की सीमारेषा पुसट होते. ती केली नाही तर सत्तेचे दार उघडत नाही.

शहरातला दुसरा लोकवाद

महाराष्ट्रात लोकवादाचे दुसरे रूप मुंबईत घडले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेवर मेरी काट्झेन्स्टाईन, दीपंकर गुप्ता, थॉमस ब्लोम हॅन्सन आणि जुलिया एकर्ट यांनी सखोल लिहिले आहे. भूमिपुत्र मराठी माणूस हे इथले ‘लोक’. त्यांच्या समोर वरचे अभिजन जेवढे होते, त्याहून जास्त ‘बाहेरचे’ होते. रॉजर्स ब्रूबेकर यांनी हा भेद उभी आणि आडवी रेषा असा समजावला आहे. उभ्या रेषेवर खालचे विरुद्ध वरचे, आडव्या रेषेवर आतले विरुद्ध बाहेरचे. शेतकरी संघटना मुख्यतः उभ्या रेषेवर उभी होती, शिवसेना मुख्यतः आडव्या. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आजचा बहुतेक लोकवाद सापडतो : अभिजन भ्रष्ट आहेतच, शिवाय ते परक्यांना सामील आहेत, असे तो सांगतो. क्रिस्तोफ जाफ्रेलो आणि लुईझ टिलिन यांनी इंदिरा गांधींच्या १९७१ च्या ‘गरिबी हटाओ’पासून नरेंद्र मोदींपर्यंतच्या भारतीय लोकवादाचा आढावा घेताना हा बदल नोंदवला आहे. ‘लोक’ म्हणजे गरीब, इथून ‘लोक’ म्हणजे बहुसंख्य समाज, इथपर्यंत.

कल्याण, निवडणूक आणि अर्थकारण

अर्थशास्त्रज्ञांनी लोकवादाकडे खर्चाच्या अंगाने पाहिले. र्‍युडिगर डोर्नबुश आणि सेबास्टियन एडवर्ड्स यांनी १९९१ मध्ये लॅटिन अमेरिकेतील खर्चिक धोरणांचे चक्र दाखवले : आधी तेजी, मग महागाई, शेवटी ज्यांच्यासाठी केले त्यांचीच होरपळ. मॅन्युएल फुंके, मॉरिट्झ शुलारिक आणि क्रिस्टोफ ट्रेबेश यांच्या २०२३ च्या अभ्यासात १९०० ते २०२० मधील ५१ लोकवादी राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान तपासले आहेत; १५ वर्षांनंतर दरडोई उत्पन्न, लोकवादी नेता नसता तर जेवढे असते त्यापेक्षा, सुमारे १० टक्के कमी आढळले. दानी रॉड्रिक यांनी कारणांकडे लक्ष वेधले : जागतिकीकरणाचा तोटा ज्यांना झाला, त्यांना भरपाई मिळाली नाही. पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी सांस्कृतिक अस्वस्थतेला पहिले स्थान दिले.

महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने हा वाद घरोघरी नेला. २१ ते ६५ वयाच्या, वार्षिक अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या महिलांना दरमहा १५०० रुपये देणारी ही योजना. टीकाकारांनी तिला रेवडी म्हटले. वर दिलेल्या कोणत्याही व्याख्येनुसार केवळ रक्कम देणे लोकवाद ठरत नाही. कल्याणकारी राज्य हेच करते. प्रश्न नात्याचा आहे. पैसे कायद्याने मिळालेला हक्क म्हणून येतात की भावाची ओवाळणी म्हणून? हक्क मागता येतो, अडला तर दाद मागता येते. ओवाळणीबद्दल फक्त आभार मानता येतात. नरेंद्र सुब्रमण्यन यांनी १९९९ मध्ये तामिळनाडूतील द्रविड पक्षांविषयी लिहिताना हाच फरक केला होता : स्वाभिमान जागवणारा लोकवाद आणि पालकत्व गाजवणारा लोकवाद. एफआरपीसाठी न्यायालयात जाणारा ऊस उत्पादक पहिल्याच्या जवळ आहे. म्हणून योजनेची रक्कम मोजण्याआधी तिच्यातून नागरिक घडतो की आश्रित, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

धोका की दुरुस्ती?

मुद आणि क्रिस्टोबल रोविरा काल्टवासर यांनी २०१२ मध्ये हा प्रश्न ग्रंथाच्या शीर्षकातच विचारला आणि उत्तर परिस्थितीवर सोपवले. विरोधात असताना लोकवाद दुर्लक्षितांना आवाज देतो. सत्तेत आल्यावर न्यायालये, माध्यमे आणि विरोधक यांच्यावरचे बंधन घट्ट करण्याकडे त्याचा कल दिसतो. नादिया उर्बिनाती यांनी २०१९ मध्ये म्हटले की सत्तेतला लोकवाद प्रतिनिधित्वाचे रूपच बदलतो : नेता लोकांचा प्रतिनिधी न राहता लोकांचे मूर्तरूप होतो. पार्थ चटर्जी यांनी भारताच्या अनुभवावरून या चर्चेची दिशाच बदलली. पाश्चात्त्य देशांत आज ज्याची नवे म्हणून धास्ती वाटते, ते भारतीय लोकशाहीत अनेक दशके रुळलेले आहे, असे ते दाखवतात.

उसाच्या पट्ट्यातील अनुभव या दोन्ही बाजूंना काही शिकवतो. दराचे आंदोलन साखरसम्राटाला जाब विचारते, पण त्याच्या ‘शेतकरी’ या शब्दात बीड-अहिल्यानगरकडून येणारी ऊसतोड टोळी बसत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. बाईच्या श्रमाची वेगळी गणतीही होत नाही. भूमिहीन मजूर, धरणग्रस्त आणि कोरडवाहू शेतकरी यांचा हिशेब दरात येत नाही. याच तालुक्यातील भारत पाटणकर आणि नागनाथअण्णा यांनी पाण्याच्या समन्यायी वाटपाचा लढा उभा केला, तेव्हा ‘लोक’ पुन्हा नव्याने मोजले गेले : ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. प्रत्येक चळवळीने आधीच्या चळवळीची यादी अपुरी असल्याचे दाखवले. ही यादी खुली राहणे, हेच या भागाचे सर्वांत मोठे राजकीय धन आहे.

मोजमापाच्या अडचणी

अलीकडे लोकवाद मोजण्याचे प्रयत्न वाढले आहेत. कर्क हॉकिन्स आणि सहकारी नेत्यांच्या भाषणांना गुण देतात, काही अभ्यासक मतदारांची मनोवृत्ती प्रश्नावलीतून तपासतात. भारतीय भाषांत हे काम अवघड आहे. मराठी भाषणात ‘जनता’ आले म्हणून लोकवाद ठरत नाही. ‘रयत’ म्हटले की त्यामागे राजा येतो आणि ‘बहुजन’ म्हटले की जातीचा इतिहास येतो. राष्ट्रीय नेत्यांच्या भाषणांवर आधारलेल्या तौलनिक अभ्यासात तालुक्याचे राजकारण दिसत नाही. साप्ताहिक ‘वारकरी’ आणि ‘शेतकरी संघटक’ यांसारखी चळवळींची नियतकालिके, ऊस परिषदांतील भाषणे, कारखान्यांच्या वार्षिक सभांतील प्रश्नोत्तरे ही मराठीतली सामग्री या विषयासाठी मोलाची आहे.

व्याख्यांचा वाद मिटलेला नाही आणि मिटण्याची गरजही नाही. विचारप्रणालीची व्याख्या भाषणे वाचायला उपयोगी पडते, डावपेचाची पक्ष समजायला, शैलीची सभा पाहायला, लाक्लाऊ यांची चळवळ कशी जुळते हे कळायला. म्युलर यांची कसोटी मात्र या सर्वांवर लावावी लागते. लोकांच्या नावाने बोलणारा प्रत्येक नेता ‘लोक’ या शब्दाभोवती कुंपण घालतो. कुंपणाबाहेर राहिलेल्याला आत येऊन ‘मीही त्यांतलाच’ असे म्हणता येत असेल, तर लोकवाद लोकशाहीला बळ देतो. असे म्हणणारा द्रोही ठरत असेल, तर लोकांच्या नावाखाली लोकशाहीच आखडत जाते.